मायलोमा, वय ३९ आणि कॅल्क्युलेटरने दिलेला आकडा

मुक्ता_सोलापूर (९ जून, रात्री ११:४०)

नमस्कार. इथं बरीच वर्षं वाचत आलेय, लिहितेय पहिल्यांदाच.

माझ्या धाकट्या भावाला मल्टिपल मायलोमा, म्हणजे हाडांच्या मज्जेतला रक्ताचा कॅन्सर, निघालाय. वय ३९. लग्न केलेलं नाही, आई आणि तो दोघंच घरी असतात. जानेवारीत गॅसचं सिलिंडर उचलताना पाठीत कळ आली. स्लिप डिस्क समजून चार महिने कमरेला पट्टा, गरम पाण्याची पिशवी आणि दुखणं थांबवायच्या गोळ्या. मे महिन्यात जिना चढला की धाप लागायला लागली, तोंडाची चव गेली, पावलं सुजली. तेव्हा कुठं रक्त तपासलं. मग बोन मॅरो, मग हे नाव. डॉक्टर म्हणाले, उपचार चांगले आहेत, उशीर नको. केमोची पहिली सायकल सुरूही झाली.

परवा माझ्या मुलानं नेटवर एक कॅल्क्युलेटर शोधला. 'तरुण मायलोमा रुग्णांसाठी' असं वर लिहिलेलं. वय, स्त्री की पुरुष, विवाहित की अविवाहित, केमो घेतली का, अशी माहिती भरली की तीन आणि पाच वर्षं जगण्याची शक्यता टक्क्यांत सांगतो. आम्ही भरली. आलेला आकडा मी इथं लिहीत नाही, हात होत नाही. तेव्हापासून झोप उडालीय.

माझे दोन प्रश्न. असे अंदाज इतक्या कमी वयाच्या माणसाला कितपत लागू पडतात? आणि तो रोज रात्री फोनवर विचारतो, "अक्का, तू वाचलंयस ना सगळं? मग सांग की." त्याला काय सांगू?

निळावंती (१० जून, सकाळी ६:१५)

मुक्ताताई, आधी दोन घास खाऊन झोपा. इथं जाणकार आहेत, उत्तरं मिळतील. तुमच्या भावाला उदंड आयुष्य लाभो.

केतकी_वाई (१० जून, सकाळी ९:०२)

मुक्ता, माझ्या यजमानांना २०१३ साली निघाला, वय ४६. यंदा तेरावं वर्ष चालू आहे. आत्ता ते मागल्या अंगणात हळदीच्या वाफ्याला पाणी घालताहेत, खिडकीतून दिसताहेत म्हणून तुला लिहायला बसले.

आमचंही पाठीपासूनच सुरू झालं. मणका दबलेला दिसला म्हणून एका ठिकाणी टीबी समजून औषधंसुद्धा सुरू केली होती. दीड महिना वाया गेला. निदान झालं तेव्हा मीही हेच केलं होतं गं. रात्री दोनला नेटवर आकडे शोधायचे आणि सकाळी त्यांच्यापुढे हसत चहा ठेवायचा. त्या वेळी जे वाचलं त्याप्रमाणे आम्हाला चार-पाच वर्षं होती. २०१४ ला ट्रान्सप्लांट (स्वतःच्याच मूळपेशींचं) झालं, २०१८ ला आजार परत आला, पुन्हा औषधं बदलली. २०१८ ला जे औषध मिळालं ते मी आकडे शोधत होते तेव्हा बाजारात नव्हतंच.

बोर्टेझोमिब या मायलोमाच्या इंजेक्शनबरोबर नागिणीपासून बचावाची गोळी देताहेत ना, विचारून घे. आणि बोटांना मुंग्या आल्या तर पहिल्याच आठवड्यात सांगायचं, सहन करत बसायचं नाही. ह्यांनी सांगितलं नाही, तळपाय अजून बधिर आहेत.

गणिती (१० जून, दुपारी १:३०)

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही, पण सांख्यिकी शिकवतो आणि असे नमुने कसे बांधतात ते जवळून पाहिलं आहे. मुक्ताताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाबद्दल थोडं सविस्तर लिहितो.

अशा कॅल्क्युलेटरच्या पोटात बहुतेक वेळा नोमोग्राम असतो. कागदावर काढला तर तो पट्ट्यांसारखा दिसतो. प्रत्येक गोष्टीची एक पट्टी: वयाची, लिंगाची, लग्नाची. तुम्ही कुठं बसता त्याप्रमाणे गुण मिळतात, त्यांची बेरीज करायची आणि सगळ्यांत खालच्या पट्टीवर पाच वर्षांची टक्केवारी वाचायची. दिसायला अगदी नेमकं वाटतं. पण पट्ट्या कुठून आल्या हे आधी विचारायचं.

तुम्ही जे रकाने सांगितलेत, त्यावरून हा नमुना अमेरिकेच्या 'सीअर' या कर्करोग नोंदणीवरून केलेला असावा. १९७३ पासून चालू असलेली ही फार मोठी आणि मोलाची नोंदणी आहे. पण तिच्यात पेशंटच्या गुणसूत्रांचा अहवाल नसतो. कोणतं इंजेक्शन दिलं, ट्रान्सप्लांटनंतर आजार किती उरला, काही नसतं. केमोचा रकाना तर 'हो' आणि 'नाही किंवा माहीत नाही' एवढाच असतो. म्हणजे मायलोमामध्ये जे सगळ्यांत महत्त्वाचं, तेच त्या गणितात नाही. जे हाताशी होतं त्यावरून गणित मांडलं, म्हणून लग्न आणि वय पुढं आलं.

दुसरं म्हणजे, अशा नमुन्याची ताकद 'सी-इंडेक्स'ने मोजतात. दोन पेशंट घ्यायचे आणि त्यांतला कोण आधी जाईल हे नमुन्याला विचारायचं. ०.५ म्हणजे नाणं उडवल्यासारखं, १ म्हणजे दर वेळी बरोबर. ०.७ आला तर लोक चांगला म्हणतात. म्हणजे दहा जोड्यांपैकी तीनांत नमुना चुकला. शंभर जणांसाठी खाटा, औषधं, पैसा यांचं नियोजन करायला हे पुरतं. एका माणसाच्या उशाशी बसून सांगायला पुरत नाही.

आणि पाच वर्षांचा आकडा काढायचा तर लोकांना पाच वर्षं तरी पाहावं लागतं. म्हणजे तो नेहमीच कालच्या औषधांचा असतो.

रोखठोक (१० जून, संध्याकाळी ७:१०)

माझं मत वेगळं आहे आणि ते कुणाला आवडणार नाही. आकडे निरुपयोगी आहेत असं सगळे म्हणताहेत, ते मला पटत नाही.

माझी मोठी बहीण ४३ व्या वर्षी मायलोमाने गेली. निदानापासून चौदा महिन्यांत. तिचा आजार सुरुवातीपासून जहाल होता, अहवालात '१७पी डिलीशन' असं लिहिलेलं होतं. त्याचा अर्थ आम्हाला कुणी सांगितला नाही. डॉक्टर म्हणायचे, औषध चालू ठेवा. नातेवाईक म्हणायचे, काही होत नाही. ती मात्र विचारत होती. आम्ही सगळे तिच्यासमोर खोटं बोललो. तिची मुलगी दहावीला होती. बहिणीला माहीत असतं तर ती ते वर्ष नोकरीवर गेली नसती, मुलीपाशी राहिली असती. बँकेच्या खात्याला वारस लावलेला नव्हता. मुलीच्या फीसाठी तिच्या बाबांना दीड वर्ष हेलपाटे घालावे लागले.

मुक्ताताई, तुमचा भाऊ विचारतोय. तो लहान नाही. त्याचं आयुष्य आहे, त्याला माहीत असायचा हक्क आहे.

केतकी_वाई (१० जून, रात्री ८:४५)

रोखठोक, डोळ्यांत पाणी आलं. तुमचं बरोबर आहे. लपवू नये हे मलाही मान्य. माझं म्हणणं एवढंच की सांगायचं ते खरं असावं. कॅल्क्युलेटरचा आकडा आणि तुमच्या बहिणीच्या अहवालातली ती ओळ या एकाच वजनाच्या गोष्टी नाहीत. ती ओळ कुणीतरी समजावून सांगायला हवी होती.

रक्तपेशी (११ जून, रात्री १२:२०)

ड्युटी संपवून लिहितोय. मी रक्तविकारशास्त्रात पुढचं शिक्षण घेतोय. इथं लिहिलेलं तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याऐवजी धरू नका, पण धाग्यातल्या प्रश्नावर बोलता येईल.

रोखठोक, १७पी डिलीशनबद्दल तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. सतराव्या गुणसूत्राचा तो तुकडा गेला की पेशीला आवर घालणारं टीपी५३ हे जनुक जातं. आजही तो सगळ्यांत वाईट खुणांपैकी एक आहे.

मुक्ताताई, तुमच्याकडे या गोष्टी असतील तर लिहा: बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन आणि अल्ब्युमिन (दोन्ही रक्तातली प्रथिनं), एलडीएच (पेशी मोडल्या की रक्तात वाढतं ते), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं माप) आणि फिश चाचणीचा, म्हणजे पेशींतल्या गुणसूत्रांच्या तपासणीचा, अहवाल. नाव आणि रुग्णालय लिहू नका.

जास्वंद (११ जून, सकाळी १०:०५)

गुळवेलीचा काढा आणि ग्रीन टी सुरू करा. माझ्या मावसदिरांना कॅन्सरमध्ये खूप फरक पडला. नैसर्गिक आहे, अपाय नाही.

रक्तपेशी (११ जून, दुपारी २:५०)

जास्वंदताई, तुम्ही मनापासून लिहिलंत, पण इथं थांबवायलाच हवं. ग्रीन टीमधला एक घटक बोर्टेझोमिबला चिकटून त्याचा परिणाम मारतो, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या तर अजिबात नकोत. गुळवेलीने यकृताला इजा झालेले पेशंट मुंबईतल्या डॉक्टरांनी करोनाच्या काळात नोंदवले आहेत. केमो चालू असताना काहीही घ्यायचं तर आधी डॉक्टरांना दाखवून.

आणि सगळ्यांसाठी एक: मायलोमात मूत्रपिंडावर आधीच ताण असतो. पाठदुखीच्या साध्या गोळ्या त्याला आणखी खाली ढकलतात. चाळिशीच्या आतल्या माणसाची पाठ आठवड्यामागून आठवडे दुखतेय, रात्री जास्त दुखतेय आणि हिमोग्लोबिन कमी आहे, तर गोळ्या घेत बसू नका. रक्ताचं इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे मायलोमाचं प्रथिन शोधणारी तपासणी, करून घ्या.

जास्वंद (११ जून, दुपारी ३:३०)

हे माहीत नव्हतं. आभार. मावसदिरांनाही कळवते.

मुक्ता_सोलापूर (११ जून, रात्री १०:१५)

फाईल उघडून लिहितेय. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन ११.२. अल्ब्युमिन ३.१. एलडीएच नॉर्मल. क्रिएटिनिन ४.२. फिशच्या कागदावर: १७पी डिलीशन नाही, ४ आणि १४ या गुणसूत्रांची अदलाबदल नाही, १४ आणि १६ ची नाही. '१क्यू गेन' आहे, तीन प्रती असं लिहिलंय. खाली 'आयएसएस स्टेज ३' असं पेनानं लिहून गोल केलाय. तो गोल बघितला की पोटात गोळा येतो. स्टेज तीन म्हणजे शेवटची ना?

रक्तपेशी (१२ जून, रात्री १:०५)

नाही, ताई. तो गोल आधी मनातून काढा. स्तनाच्या किंवा फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये स्टेज म्हणजे आजार किती पसरला. मायलोमा तर पहिल्या दिवसापासून मज्जेत सगळीकडे असतो. इथं स्टेज हे फक्त जोखमीच्या गटाचं नाव आहे.

आता तुमच्या भावाचे तेच पाच आकडे चार फूटपट्ट्यांवर ठेवून बघू.

पहिली, २००५ ची आयएसएस, म्हणजे आंतरराष्ट्रीय स्टेजिंग पद्धत. तिच्यात दोनच गोष्टी: बीटा-२ आणि अल्ब्युमिन. बीटा-२ साडेपाच किंवा जास्त असलं की सरळ तिसरी स्टेज. त्या अभ्यासात पहिल्या गटाचं मध्यक आयुष्य (निम्मे लोक ज्याच्या पुढं जगले तो काळ) ६२ महिने होतं, दुसऱ्याचं ४४, तिसऱ्याचं २९. मुक्ताताई, हा २९ तुम्ही कुठंतरी वाचला असणार. पण ते पेशंट २००२ पर्यंतचे आहेत. बोर्टेझोमिबला अमेरिकेत परवानगीच २००३ मध्ये मिळाली.

दुसरी, २०१५ ची सुधारित आयएसएस. तिच्यात एलडीएच आणि गुणसूत्रं आली. तिसऱ्या गटात जायला आयएसएस ३ असून शिवाय एलडीएच वाढलेलं किंवा वाईट गुणसूत्र लागतं. तुमच्या भावाला यांतलं काही नाही. म्हणजे तो दुसऱ्या गटात. त्या गटातले ६२ टक्के लोक पाच वर्षांनी हयात होते.

तिसरी, २०२२ ची दुसरी सुधारणा. तिच्यात गुण आहेत. आयएसएस ३ चा दीड, १क्यूचा, म्हणजे पहिल्या गुणसूत्राचा एक तुकडा जास्तीचा असण्याचा, अर्धा. एकूण दोन. चार गटांपैकी तिसरा, मध्यक साडेअडुसष्ट महिने.

चौथी, आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०२५ साली प्रसिद्ध केलेली 'उच्च जोखमी'ची व्याख्या. तिच्यात बीटा-२ साडेपाचच्या वर असलं तरी ते क्रिएटिनिन १.२ च्या आत असेल तरच धरतात. कारण बीटा-२ मूत्रपिंडातून बाहेर पडतं. मूत्रपिंड बसलं की ते रक्तात साठतं, आजार किती आहे याच्याशी त्याचा संबंध धूसर होतो. आणि एकटं १क्यू उच्च जोखमीत बसत नाही, त्याला दुसऱ्या वाईट खुणेची जोड लागते. तुमच्या भावाचे जे अहवाल झालेत, त्यांवरून तो या व्याख्येत बसत नाही. आणखी खात्रीसाठी पहिल्या गुणसूत्राचा १पी३२ हा भाग आणि टीपी५३ मधला बदल, या दोन गोष्टी तपासल्या आहेत का ते विचारा.

एकच माणूस, एकच रक्त. एका पट्टीवर शेवटचा गट, दुसरीवर मधला, चौथीवर उच्च जोखीम नाहीच.

गणिती (१२ जून, सकाळी ८:२०)

हे वर्गात शिकवण्यासारखं आहे. एक जोडतो: मध्यक साडेअडुसष्ट महिने म्हणजे त्या मुदतीला सगळे जातात असं नाही. निम्मे लोक त्याच्या पुढं आहेत, काही फार पुढं. शेपटी लांब असते. त्या शेपटीत कमी वयाचे आणि औषधाला चांगला प्रतिसाद देणारे जास्त असणार.

अबोली_न्यूजर्सी (१२ जून, सकाळी ९:४०)

मी इथं एका कर्करोग केंद्रात क्लिनिकल ट्रायलचं काम बघते. 'तरुण' या शब्दाबद्दल थोडं. अमेरिकेत मायलोमाचं निदान होण्याचं मध्यक वय ६९ च्या आसपास आहे. त्यामुळे मायलोमाच्या लेखांत 'तरुण' म्हणजे पुष्कळदा ६५ च्या आतले, ट्रान्सप्लांट झेपणारे. चाळिशीच्या आतले शंभरात जेमतेम दोन. भारतात निदानाचं वय साधारण दहा वर्षं अलीकडे येतं, म्हणून आपल्याकडच्या वॉर्डात पन्नाशीतले चेहरे जास्त दिसतात. ३९ वर्षांच्या माणसाला 'तरुणांचा' आकडा लावताना तो ६० वर्षांच्या लोकांचा तर नाही ना, हे बघावं.

खऱ्या अर्थाने तरुण, म्हणजे पन्नाशीच्या आतल्या लोकांवर २००८ मध्ये एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास आला होता, एकूण १०,५४९ पेशंटचा. पन्नाशीच्या आतल्यांचं मध्यक आयुष्य ५.२ वर्षं, वरच्यांचं ३.७. म्हणजे कमी वय ही मुळात चांगली खूण आहे. पण त्या अभ्यासाची दुसरी बाजूही सांगायला हवी. आपल्या वयाच्या निरोगी माणसाच्या तुलनेत तरुणांनी गमावलेली वर्षं कितीतरी जास्त. म्हणून तरुण पेशंटमध्ये डॉक्टर 'बरे आहेत' एवढ्यावर समाधान मानत नाहीत, खोलवर प्रतिसाद मिळवायला बघतात.

धुळ्याचा_सागर (१२ जून, दुपारी १२:१५)

ते आयआयटी मुंबई आणि टाटाने मिळून काढलेलं कार-टी आहे ना, पेशंटच्याच रक्तपेशी बदलून कॅन्सरवर सोडतात ते, स्वस्तातलं? ते ह्यांच्या भावाला देता येईल का? लगेच तेच का देत नाहीत?

रक्तपेशी (१२ जून, दुपारी ४:४०)

सागर, चांगला प्रश्न. ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळालेलं नेक्सकार१९ हे सीडी१९ या खुणेला धरतं आणि ते काही ल्युकेमिया आणि लिम्फोमासाठी आहे. मायलोमाच्या पेशीवर सहसा ती खूण नसते. तिथं बीसीएमए या दुसऱ्या खुणेला धरणारं लागतं. तसली दोन औषधं अमेरिकेत २०२१ आणि २०२२ मध्ये आली. त्यांतल्या एकाच्या सुरुवातीच्या अभ्यासातले ९७ पेशंट असे होते की ज्यांच्यावरचे बहुतेक उपचार थकले होते. त्यांतले ३२ जण एकाच डोसनंतर पाच वर्षं आजार न वाढता राहिले. २००५ च्या फूटपट्टीला हे स्वप्नातही दिसलं नसतं.

विठाई (१२ जून, संध्याकाळी ६:३०)

मी नागपूरला कर्करोग वॉर्डात परिचारिका होते, आता निवृत्त. सगळ्यांचं वाचलं. मला त्या लग्नाच्या रकान्याबद्दल बोलायचं आहे, कारण मुक्ताबाईंच्या भावाला त्यात गुण कमी पडले असणार आणि तेच मनाला लागलं असणार.

लग्नाने मायलोमा बरा होत नाही. मी वॉर्डात काय पाहिलं ते सांगते. ताप १०० च्या वर गेला की रात्री दीडला गाडी काढून आणणारं माणूस ज्याच्या घरी आहे, तो वाचतो. गोळी चुकली की लक्षात येणारं, डॉक्टरला 'कालपासून हे नीट बोलत नाहीत' म्हणून सांगणारं माणूस. कागदावर त्याला विवाहित म्हणतात. एका मुलाबरोबर त्याचा खोलीतला मित्र यायचा, दोघं एमआयडीसीत कामाला. त्या मित्राने खिशातल्या छोट्या वहीत प्रत्येक दिवसाचं लघवीचं माप लिहिलेलं होतं, तीन महिन्यांचं. कुठल्या बायकोने केलं नसतं इतकं.

मुक्ताबाई, तुमचा भाऊ रोज रात्री तुम्हाला फोन करतो. रकाना भरलेला आहे.

निळावंती (१२ जून, संध्याकाळी ७:००)

विठाईताई, दंडवत.

मुक्ता_सोलापूर (१२ जून, रात्री ११:१०)

काय लिहू. विठाईताई, मी आजपासून वही सुरू केली.

रोखठोक (१३ जून, सकाळी ७:५०)

रक्तपेशी यांना एक विचारायचं आहे. मुक्ताताईंच्या भावाचा फिश अहवाल चांगला आला. पण तो खरा धरायचा कशावरून? माझ्या बहिणीच्या वेळी दोन ठिकाणचे दोन वेगळे अहवाल आले होते.

रक्तपेशी (१३ जून, रात्री ९:३०)

हाच प्रश्न प्रत्येकाने विचारावा. मज्जेच्या नमुन्यात मायलोमाच्या पेशी थोड्याच असतात. फिश करण्याआधी सीडी१३८ या खुणेवरून त्या वेगळ्या काढाव्या लागतात. तसं न करता सगळ्या पेशी एकत्र मोजल्या तर दोष असूनही 'नाही' येऊ शकतं. अहवालात कुठंतरी तसा उल्लेख असतो, तो बघा, नसेल तर लॅबला फोन करा. मज्जा काढताना पहिला ओढलेला भाग सगळ्यांत दाट असतो, पुढच्यात रक्त मिसळत जातं, तेही लक्षात ठेवायचं.

बाकीच्या आकड्यांचंही तसंच. रक्त काढताना पेशी फुटल्या तर एलडीएच खोटं वाढतं. अल्ब्युमिन जेवण गेल्यामुळे, जंतुसंसर्गामुळेही उतरतं. आकडा जितका सुबक, तितकं त्याच्या मुळाशी जाऊन बघावं.

आणि सगळ्यांत मोठी खूण तर पहिल्या दिवशी कळतच नाही. ती म्हणजे औषधाला आजार कसं उत्तर देतो. सगळे अहवाल चांगले असूनही ट्रान्सप्लांटनंतर वर्षभरात आजार उलटला, तर तो पेशंट उच्च जोखमीचा, मग कागद काही म्हणो. उलट, एक लाख पेशींत शोधूनही मायलोमाची पेशी सापडत नाही आणि तसंच टिकून राहतं, तर सुरुवातीची वाईट खूण असलेल्यांचंही पुष्कळ बरं चालतं. एमआरडी म्हणतात ती ही तपासणी. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने नवी औषधं पारखायला हे माप चालेल असं बारा विरुद्ध शून्य मतांनी सांगितलं.

गणिती (१३ जून, रात्री १०:१५)

म्हणजे अंदाज दर काही महिन्यांनी नव्याने मांडायचा. निदानाच्या दिवशीचा 'पाच वर्षांचा' आकडा त्याच दिवसापुरता खरा. दोन वर्षं नीट काढलेल्या माणसाला तो लावायचा नसतो, कारण त्या आकड्यात पहिल्या दोन वर्षांत गेलेले लोकही मोजलेले असतात. त्याने ते अंतर ओलांडलेलं असतं.

केतकी_वाई (१३ जून, रात्री १०:५०)

एवढं गंभीर वाचून झालं, आता एक घरचं सांगते. डेक्साच्या (स्टेरॉइडच्या) गोळ्या सुरू झाल्या की माणूस झोपत नाही. पहिल्या महिन्यात पहाटे तीनला भांड्यांचा आवाज आला म्हणून उठले, तर ह्यांनी मसाल्याचे सगळे डबे उतरवून घासायला घेतले होते. आयुष्यात कधी मोहरी कुठं असते माहीत नव्हतं त्यांना! मुक्ता, ती गोळी सकाळी न्याहारीनंतर द्यायची. आणि त्या दोन दिवसांत तो चिडला, रडला तर मनावर घेऊ नको. ती गोळी बोलते.

धुळ्याचा_सागर (१३ जून, रात्री ११:०५)

माझे काका पंख्याची पाती पुसायचे.

मुक्ता_सोलापूर (२ सप्टेंबर, रात्री ९:२५)

धागा वर काढतेय. तुम्हा सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं.

रोखठोक, तुमच्यामुळे मी त्याच्याशी बोलले. जूनच्या शेवटच्या रविवारी. आई देवळात गेली होती. त्याला चारही पट्ट्या वहीत काढून दाखवल्या, तशाच, रक्तपेशी यांनी लिहिल्या तशा. २९ सुद्धा सांगितला, आणि तो कुठल्या काळातला तेही. १क्यू आहे आणि ते चांगलं नाही, हेही सांगितलं. मला वाटलं होतं तो कोसळेल. तो वहीकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे कुणाला नक्की माहीत नाही. मला वाटत होतं सगळ्यांना माहीत आहे आणि माझ्यापासून लपवताय." त्या रात्री तो साडेआठला झोपला. आईनं मला हाक मारून दाखवलं.

बँकेत वारस म्हणून आईचं नाव लावून आलो. त्यानंच काढला तो विषय.

आता तब्येतीचं. चार सायकल झाल्या. क्रिएटिनिन ४.२ वरून १.४. कप्पा लाइट चेन (मायलोमाच्या पेशी रक्तात सोडतात ते प्रथिन) ६,४०० होती, ती १३० वर आली. फिश पेशी वेगळ्या काढूनच केलं होतं, लॅबला फोन करून विचारलं. १पी३२ पण तपासलेलं होतं, ठीक आहे. टीपी५३ ची वेगळी तपासणी पाठवलीय. डॉक्टरांना बीटा-२ बद्दल विचारलं तेव्हा ते म्हणाले, "बरोबर विचारलंत, म्हणूनच मी त्या तीनवर फार भर देत नाही." मग तो गोल कुणी काढला होता कोण जाणे.

ऑक्टोबरमध्ये ट्रान्सप्लांट ठरलंय, मुंबईत. राहायची सोय, जेवण, काय काय न्यायचं, ज्यांनी केलंय त्यांनी सांगा. मी दीड महिन्याची रजा टाकलीय.

विठाई (२ सप्टेंबर, रात्री ९:५०)

क्रिएटिनिन १.४! आज गोड करते घरी.

रोखठोक (२ सप्टेंबर, रात्री १०:३०)

मुक्ताताई, बरं वाटलं. खूप बरं वाटलं. माझी भाची आता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला हा धागा वाचायला देणार आहे.

रक्तपेशी (२ सप्टेंबर, रात्री ११:४५)

प्रतिसाद उत्तम आहे. ट्रान्सप्लांटनंतर साधारण शंभराव्या दिवशी एमआरडी करणार का ते आत्ताच विचारून ठेवा. हाडांचं इंजेक्शन पुढं चालू राहणार असेल तर त्याआधी दाताच्या डॉक्टरांना एकदा दाखवा, दात काढायचा असेल तर आधीच काढलेला बरा. आणि त्याचं वय बघता, पुढं मूल हवं असेल तर मेल्फलानच्या, म्हणजे ट्रान्सप्लांटआधीच्या जोरदार केमोच्या, आधी वीर्य गोठवून ठेवण्याबद्दल बोलून घ्या. हे पुष्कळदा विचारायचं राहून जातं.

केतकी_वाई (३ सप्टेंबर, सकाळी ७:४०)

मुक्ता, दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, परळला उपचार घेणारे कितीतरी तिथं राहतात, आम्हीही पंधरा दिवस होतो. जागा लवकर भरते, आत्ताच चौकशी कर. खारघरला जायचं असेल तर मला व्यनि (खासगी निरोप) कर, तिथला एक पत्ता देते.

बरोबर ने: पुढं बटण असलेले सुती सदरे चार, कारण मानेत नळी असते आणि डोक्यातून काढायचे सदरे चालत नाहीत. मऊ टूथब्रश. स्वतःसाठी एक घोंगडी, वॉर्ड फार गार असतो. आणि मेल्फलान चालू असेल तेव्हा त्याच्या तोंडात सतत बर्फ राहील असं बघ, सुरू व्हायच्या आधीपासून संपल्यावर थोडा वेळपर्यंत. तोंड कमी येतं त्यानं. नुसत्या पाण्याचा बर्फ चघळून कंटाळा येतो. ह्यांना चालेल का म्हणून सिस्टरना विचारलं आणि उकळलेल्या पाण्याचं कोकम सरबत करून त्याचे खडे लावले होते. तू पण विचारून घे. सोलापूरहून येताना कोकम आणू नकोस, मी वाईहून पाठवते.